बुंदीचा लाडू मोठा झाला की कण किती वाढतात? लॅपटॉपवर स्वतः काढून बघायची रीत

हाय एनर्जी न्यूक्लियर फिजिक्सच्या (अणुकेंद्रं प्रचंड वेगाने एकमेकांवर आदळवून बाहेर काय येतं ते बघायचं शास्त्र) कुठल्याही टॉकला बसा, दहा मिनिटांत "सिस्टिम साइझ डिपेंडन्स", म्हणजे टक्कर लहान-मोठी झाली की काय बदलतं, हा शब्द कानावर पडणारच, आणि सगळे माना डोलावतात. मीपण डोलावायचो. नंतर स्वतः प्लॉट काढायला बसलो तेव्हा कळलं की साइझ म्हणजे नक्की काय हेच मला माहीत नव्हतं. कारण या एका शब्दाखाली लोक तीन वेगळ्या गोष्टी खपवतात: अणुकेंद्र कुठलं घेतलं (शिसं, झेनॉन, तांबं, ऑक्सिजन), टक्कर किती समोरासमोर झाली, आणि शेवटी बाहेर किती कण आले. तिन्हीला साइझच म्हणतात आणि तिन्ही एकमेकांशी बांधलेल्या असल्या तरी एकच नाहीत. खालची रीत हीच गाठ सोडवण्यासाठी आहे. पायथन आणि नमपाय थोडंफार येत असेल तर एका रविवारी सगळं होतं.

आधी चित्र डोक्यात घ्या. अणुकेंद्र म्हणजे बुंदीचा लाडू. बेसनाचा चालणार नाही, बुंदीचाच हवा, कारण आपल्याला कळ्या मोजायच्यात. शिशाच्या लाडवात २०८ कळ्या, म्हणजे प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून २०८ न्यूक्लिऑन. दोन लाडू जोरात एकमेकांवर फेकले तर दरवेळी पूर्ण आदळत नाहीत, कधी मधोमध बसतात, कधी कडेला नुसते घासून जातात. ज्या कळ्यांना निदान एकदा तरी धक्का लागला त्या झाल्या सहभागी, त्यांची संख्या म्हणजे एन-पार्ट. आणि कळी-कळीच्या जोड्यांमधे एकूण किती धक्के झाले ती संख्या एन-कोल. एक कळी समोरच्या पाच कळ्यांना धडकली तर एन-पार्टमधे ती एकदाच, एन-कोलमधे पाचदा. हा फरक पक्का डोक्यात ठेवा, पुढचं सगळं यावरच आहे.

या दोन्ही संख्या डिटेक्टरला दिसत नाहीत. जिनिव्हातल्या सर्नच्या अॅलिस किंवा अमेरिकेतल्या ब्रुकहेवनच्या स्टार डिटेक्टरला दिसतात फक्त बाहेर आलेले कण. एन-पार्ट काढायला मॉडेल लागतं, त्याचं नाव ग्लॉबर मॉडेल. रॉय ग्लॉबर यांना २००५ मधे नोबेल मिळालं ते मात्र प्रकाशाच्या क्वांटम थिअरीसाठी, त्यांचं टकरींचं काम आमच्या फील्डमधे रोज उठून वापरतात आणि नोबेल भलत्याच कामाला, असो.

तर पहिलं काम, लाडू बांधणे. शिशासाठी वुड्स-सॅक्सन नावाची घनता वापरायची: मधे जवळजवळ सपाट, कडेला हळूहळू उतरत जाणारी. त्रिज्या ६.६२ फेम्टोमीटर (मीटरच्या अब्जाव्या भागाचा दहा लाखावा भाग म्हणजे एक फेम्टोमीटर), कडेचा पसरटपणा ०.५४६ फेम्टोमीटर. २०८ कळ्यांची केंद्रापासूनची अंतरं या घनतेतून रँडम काढायची. इथे पहिला खड्डा आहे, घनता नुसती घेऊन चालत नाही, तिला अंतराच्या वर्गाने गुणायचं, कारण बाहेरच्या कवचात जागा जास्त असते. हे विसरलात तर सगळ्या कळ्या मधे गोळा होतात आणि लाडवाचं पेढ्यात रूपांतर होतं. दिशा काढतानाही तसंच, थीटा सरळ रँडम घेऊ नका, कॉस थीटा उणे एक ते एकमधे रँडम घ्या, नाहीतर दोन्ही ध्रुवांवर गर्दी होते. दोन कळ्या एकमेकींत घुसू नयेत म्हणून ०.४ फेम्टोमीटर एवढं किमान अंतर ठेवायची पद्धत आहे, ठेवा, फार फरक पडत नाही. शेवटी सगळ्या कळ्यांचं सरासरी केंद्र काढून लाडू परत शून्यावर सरकवा.

दुसरं काम, नेम. दोन लाडवांच्या केंद्रांमधलं आडवं अंतर म्हणजे इम्पॅक्ट पॅरामीटर, त्याला बी म्हणतात. शून्य ते २० फेम्टोमीटरमधे काढायचं, पण इथे मी स्वतः आठवडाभर अडकलो होतो म्हणून सांगतो: बी सरळ रँडम काढायचं नाही, बीचा वर्ग रँडम काढायचा आणि मग वर्गमूळ घ्यायचं. कारण नेम चुकायची जागा ही चकती असते, आणि चकतीच्या बाहेरच्या कड्याचं क्षेत्रफळ मधल्यापेक्षा कितीतरी जास्त. मी सरळ काढलं होतं त्यामुळे माझ्याकडे समोरासमोरच्या टकरींचा पूर आला होता आणि मला वाटत होतं डिटेक्टरवाल्यांचंच काहीतरी चुकतंय!

तिसरं काम, धक्के मोजणे. ५.०२ टीईव्हीला (टीईव्ही हे टकरीच्या एनर्जीचं माप) दोन न्यूक्लिऑनचा इनइलॅस्टिक क्रॉस सेक्शन, म्हणजे धक्का लागून नवे कण निघतील एवढ्या नेमाच्या जागेचं क्षेत्रफळ, ६७.६ मिलिबार्न धरतात. दहा मिलिबार्न म्हणजे एक चौरस फेम्टोमीटर, म्हणून ६.७६, त्याला पायने भागा, वर्गमूळ घ्या, आलं १.४७ फेम्टोमीटर. डावीकडची कळी आणि उजवीकडची कळी यांच्यातलं आडवं अंतर यापेक्षा कमी असेल तर धक्का लागला, जास्त असेल तर नाही, बास. बीमच्या दिशेतलं अंतर बघायचंच नाही, कारण या वेगाला लाडू त्या दिशेने साधारण २७०० पट चपटा झालेला असतो, लाडू कसला पापडच. प्रत्येक टकरीत २०८ गुणिले २०८ म्हणजे ४३ हजारांवर जोड्या तपासायच्या असतात, फॉर लूप लावलात तर चहा करून या, जेवूनही या, नमपायच्या अॅरेने केलंत तर दहा हजार टकरी काही मिनिटांत होतात.

पुढे जायच्या आधी एक तपासणी कराच. दहा हजारांतल्या किती टकरींमधे निदान एक धक्का लागला ते मोजा. २० फेम्टोमीटर त्रिज्येच्या चकतीचं क्षेत्रफळ १२५७ चौरस फेम्टोमीटर, म्हणजे १२.५७ बार्न, आणि शिसं-शिसं टकरीचा एकूण हॅड्रॉनिक क्रॉस सेक्शन ७.७ बार्नच्या आसपास मोजलेला आहे, म्हणजे तुमच्याकडे साधारण ६१०० टकरी यायला पाहिजेत. ५००० किंवा ७५०० आल्या तर वरच्या तीन खड्ड्यांपैकी एकात पाय आहे. आकडा बसला की या धक्का लागलेल्या टकरी एन-पार्टच्या उतरत्या क्रमाने लावा आणि वरच्या ५ टक्के वेगळ्या काढा, यांनाच शून्य ते पाच टक्के सेंट्रॅलिटी म्हणतात. त्यांचा सरासरी एन-पार्ट ३८५ च्या आसपास आणि एन-कोल साधारण १७६० येईल. एकूण कळ्या ४१६, त्यातल्या ३८५ ना धक्का, आणि धक्के सतराशे साठ! म्हणजे प्रत्येक कळी सरासरी नऊ वेळा धडकतीये.

आता खरा प्रश्न, कण किती निघणार. सगळ्यात जुना आणि साधा अंदाज १९७६ चा, बियावास, ब्लेझिन्स्की आणि चीझ या तिघांचा: कळीला एकदा धक्का लागला की ती जखमी, नंतर कितीही वेळा धडकली तरी कण तेवढेच देणार. म्हणजे कण एन-पार्टच्या प्रमाणात. तपासू. बीमच्या नळीच्या बरोबर आडव्या दिशेला, मधल्या पट्ट्यात, स्यूडोरॅपिडिटीच्या (कण नळीशी किती कोनात निघाला त्याचं माप) एका युनिटमधे प्रोटॉन-प्रोटॉन टकरीत या एनर्जीला ढोबळ ५ चार्ज्ड कण निघतात. प्रोटॉन-प्रोटॉनमधे सहभागी दोन, म्हणजे एक जोडी. शिशात ३८५ भागिले २, साधारण १९२ जोड्या, गुणिले ५, आले ९६०. अॅलिसने मोजलेत १९४३. दुपटीने चुकलो.

बरं मग धक्क्यांच्या प्रमाणात घेऊ, १७६० गुणिले ५, आले ८८००. हे तर साडेचार पट जास्त. म्हणजे खरं उत्तर दोन्हीच्या मधे, आणि एन-पार्टच्या बरंच जवळ. २००१ मधे खारझीव आणि नार्डी यांनी सरळ मिश्रण केलं, काही हिस्सा धक्क्यांचा आणि उरलेला जोड्यांचा. आपल्या आकड्यांवर हिस्सा काढा: १९४३ भागिले ५ म्हणजे ३८९, त्यातून १९२ वजा केले उरले १९७, धक्के आणि जोड्यांतला फरक १५६८, भागाकार ०.१२५. म्हणजे मिश्रणात धक्क्यांचं वजन सुमारे साडेबारा टक्के, बाकी जखमी कळ्यांच्या जोड्यांचं. कागदाच्या चिटोऱ्यावर हे येतं, मला अजूनही याचं अप्रूप वाटतं. पण लगेच यावर फार विश्वास टाकू नका, काहींच्या मते हे मिश्रण म्हणजे नुसतं ठिगळ आहे. कळीच्या आत तीन-तीन क्वार्क धरून जखमी क्वार्क मोजले तर धक्क्यांचा हिस्सा न घालताही कणसंख्येची रेष बऱ्यापैकी सरळ येते, आरएचआयसीच्या (ब्रुकहेवनचं टक्करयंत्र) फीनिक्स प्रयोगाने हे दाखवलंय. मला स्वतःला क्वार्कवालं जास्त पटतं, पण पहिल्या रविवारी मिश्रणच करा, सोपं आहे.

आता साइझचा पहिला बटण फिरवा, सेंट्रॅलिटी. एकाच शिशात ७० ते ८० टक्क्यांच्या, म्हणजे घासून जाणाऱ्या टकरी घ्या. तिथे एन-पार्ट १५-१६ आणि कण ४५ च्या आसपास, जोडीमागे पडले ५.७. समोरासमोर टकरीत जोडीमागे १०.१. म्हणजे जोडीमागचं उत्पन्नच सुमारे १.८ पट वाढलं. इथे एक सवय लावून घ्या, कायम जोडीमागे भागून बघायचं. नुसती एकूण संख्या काढली की ४५ वरून १९४३ असा भला मोठा डोंगर दिसतो, त्यातला बहुतेक चढ निव्वळ कळ्या वाढल्यामुळे आहे, खरी गंमत असते ती या १.८ मधे.

दुसरा बटण, अणुकेंद्र बदला. एलएचसीवर (सर्नचं टक्करयंत्र) २०१७ च्या ऑक्टोबरमधे काही तासच झेनॉनच्या टकरी झाल्या, ५.४४ टीईव्हीला, आणि तेवढ्या तासांवर कितीतरी पेपर निघालेत. झेनॉन १२९ कळ्यांचा, त्रिज्या साधारण ५.४ आणि पसरटपणा ०.५९, शिवाय तो पूर्ण गोल नाही, थोडा अंड्यासारखा, या अंडेपणाचं माप बीटा-टू ०.१८. तुमच्या कोडमधे त्रिज्येला दिशेप्रमाणे कमीजास्त करायची एक ओळ घाला आणि दर टकरीला लाडू रँडम फिरवा. समोरासमोरच्या ५ टक्क्यांत एन-पार्ट २३६ येईल, मोजलेले कण ११६७, जोडीमागे ९.९.

आता इथे थांबा, कारण या सगळ्या प्रकारातला माझा आवडता भाग हा आहे. शिशातही २३६ एन-पार्टच्या टकरी असतात, १० ते ३० टक्क्यांच्या मधे कुठेतरी. त्यांचं जोडीमागचं उत्पन्न ८.७ च्या आसपास येतं. सहभागी कळ्या तेवढ्याच, मग झेनॉन जास्त कण का देतो? पहिला संशय एनर्जीवर, ५.४४ विरुद्ध ५.०२. पण जड अणुकेंद्रात कण एनर्जीच्या साधारण ०.३१ घाताने वाढतात, त्या हिशोबाने फरक अडीच टक्केच निघतो, आणि आपल्याला दिसतोय तेरा-चौदा टक्के. म्हणजे एन-पार्ट सारखा असला की साइझ सारखा हे गृहीतकच इथे फसलं. पूर्ण बसलेला छोटा लाडू आणि अर्धवट बसलेला मोठा लाडू या वेगळ्या गोष्टी आहेत, अर्धवटमधे बदामाच्या आकाराचा भाग सापडतो ज्याच्या कडा पातळ असतात आणि कडेच्या कळ्यांना धक्के कमी. आता एक्स अक्षावर एन-पार्ट नको, एकूण कळ्यांचा किती हिस्सा सहभागी झाला ते ठेवा. झेनॉन २३६ भागिले २५८ म्हणजे ०.९१, शिसं ३८५ भागिले ४१६ म्हणजे ०.९३. आणि उत्पन्न ९.९ आणि १०.१. आले की नाही जवळजवळ! फक्त पट्टी बदलली. त्यात आणखी एक बारकावा, टोकाच्या टकरी निवडल्या की कळ्या आणखी वाढू शकत नाहीत त्यामुळे निवड होते ती नशिबाने जास्त कण दिलेल्या टकरींची, आणि लहान अणुकेंद्रात ही नशिबाची उडी जास्त मोठी असते. स्वतःच्या कोडमधे हे बघायचं असेल तर प्रत्येक जखमी कळीला ठरावीक कण देऊ नका, निगेटिव्ह बायनॉमियल वाटपातून रँडम द्या आणि सेंट्रॅलिटी एन-पार्टवर न लावता कणसंख्येवर लावा. टोकाला रेष वर वळताना दिसेल.

हाच खेळ आरएचआयसीवर आधी झाला होता, २०० जीईव्हीला, म्हणजे ०.२ टीईव्हीला, सोनं आणि तांबं. तिथे फोबॉस प्रयोगाला सारख्या एन-पार्टला मधल्या पट्ट्यातली घनता जवळजवळ सारखीच मिळाली, म्हणजे एन-पार्टचीच पट्टी चालली, पण कणांचा पुढे-मागे पसरलेला पूर्ण आकार जुळवायला गेले तर तिथेही हिश्श्याची पट्टी बरी ठरली. आणि पट्ट्यांच्या या भांडणात काडी टाकायची असेल तर २०१८ ची रुथेनियम आणि झिर्कोनियम रन बघा. दोन्ही ९६ कळ्यांचे, फरक फक्त ४४ प्रोटॉन आणि ४० प्रोटॉन एवढाच, लोकांना वाटलं होतं कणसंख्या तंतोतंत सारखी येईल आणि दुसराच एक सूक्ष्म परिणाम शोधता येईल. स्टारने २०२१ मधे निकाल जाहीर केला तर सारख्या सेंट्रॅलिटीला रुथेनियमचे कण किंचित जास्त. कळ्या तेवढ्याच, पण लाडवाची साल आणि घडण वेगळी. तुमच्या कोडमधे ९६ कळ्या ठेवून नुसता पसरटपणा ०.०५ ने हलवा आणि बघा काय होतं, पाच मिनिटांचं काम आहे.

तिसरा बटण म्हणजे बाहेर आलेल्या कणांची संख्याच एक्स अक्षावर ठेवणे. ऐकायला चोरी वाटते, उत्तरच प्रश्नात घातल्यासारखी, पण कण कुठल्या प्रकारचे आले हे विचारायचं असेल तर हीच पट्टी सगळ्यात कामाची. अॅलिसने २०१७ मधे नेचर फिजिक्समधे दाखवलं की स्ट्रेंज क्वार्कवाल्या (स्ट्रेंज हा क्वार्कचा एक जड प्रकार) कणांचं पायॉनशी, म्हणजे टकरीत सगळ्यात जास्त निघणाऱ्या हलक्या कणाशी, प्रमाण कणसंख्येबरोबर गुळगुळीत वाढत जातं, प्रोटॉन-प्रोटॉन, प्रोटॉन-शिसं, शिसं-शिसं, सगळे एकाच रेषेवर एकापुढे एक. टक्कर कुणाची हे जणू विचारायचंच नाही, कण किती आले ते सांगा. एक स्ट्रेंज क्वार्कवाल्या लॅम्बडात वाढ कमी, दोनवाल्या झायमधे जास्त, तीनवाल्या ओमेगात सगळ्यात जास्त, आणि साध्या प्रोटॉनमधे ती दिसतच नाही. १९८२ मधे राफेल्स्की आणि म्युलर यांनी स्ट्रेंजनेस वाढणं ही क्वार्क-ग्लुऑन प्लाझ्माची (कळ्या वितळून क्वार्क मोकळे झालेल्या गरम अवस्थेची) खूण म्हणून सांगितली होती तेव्हा नजर जड अणुकेंद्रांवर होती, छोट्याशा प्रोटॉन-प्रोटॉनमधेच त्या चढाची सुरुवात सापडेल हे सहज कुणाच्या मनात आलं नसतं. हे प्लॉट स्वतः काढायचे तर हेपडेटाच्या साइटवर आकडे फुकट मिळतात, पेपरचं नाव टाका, टेबल उतरवा, एरर बारसकट.

सगळंच वाढतं असंही नाही. के-स्टार नावाचा कण प्रकाशाला साधारण ४ फेम्टोमीटर जायला जेवढा वेळ लागेल तेवढाच जगतो, आणि मोठ्या टकरीत तो गरम गर्दीच्या आतच फुटतो, त्याची पोरं गर्दीत धक्के खाऊन हरवतात, म्हणून कणसंख्या वाढली की के-स्टारचं केऑनशी (त्याचाच टिकाऊ भाऊ) प्रमाण घसरतं. फाय मेसॉन दहापट जास्त जगतो, बाहेर येऊन निवांत फुटतो, त्याचं प्रमाण तसं घसरत नाही. मोठी सिस्टिम किती वेळ टिकते याचं हे फुकटात मिळालेलं घड्याळ आहे. आपल्याकडचे बरेच जण अॅलिसमधे आहेत, आयआयटी मुंबई त्यातच आहे, टीआयएफआर मात्र सीएमएस या एलएचसीवरच्या दुसऱ्या प्रयोगात, त्यामुळे हे सगळं कुठेतरी लांब जिनिव्हात चाललंय असं समजायचं कारण नाही, पवईला चौकशी केलीत तरी कुणीतरी भेटेल.

एक सावधगिरी. प्रोटॉन-शिसं टकरीला हीच रीत जशीच्या तशी लावू नका. तिथे सरासरी एन-पार्ट आठच्या आसपास, आणि कणसंख्येच्या उड्या एवढ्या मोठ्या की जास्त कण म्हणजे जास्त कळ्या हे गणितच ढिलं पडतं. शिशाच्या अगदी कडेच्या टकरीतही हेच, ८० टक्क्यांच्या पुढे गेलात आणि रेष खाली वळली तर लगेच नवीन फिजिक्स सापडलं म्हणून उड्या मारू नका, ती बहुतेक निवडीची लबाडी असते.

कोड एवढं चालायला लागलं की ऑक्सिजन करून बघा. २०२५ च्या जुलैमधे एलएचसीवर ऑक्सिजन-ऑक्सिजन आणि निऑन-निऑन टकरी पहिल्यांदाच झाल्या, ५.३६ टीईव्हीला, म्हणजे आकडे ताजे आहेत. जास्तीत जास्त एन-पार्ट ३२, म्हणजे शिशाच्या कडेच्या टकरी आणि प्रोटॉन-शिसं यांच्या बरोबर शेजारी, पण इथे लाडू पूर्ण बसलेला. १६ कळ्या एकदा वुड्स-सॅक्सनने टाका, त्रिज्या २.६ आणि पसरटपणा ०.५१, आणि एकदा चार-चार कळ्यांचे चार गठ्ठे करून त्रिकोणी (चौकोनी नव्हे) पिरॅमिडच्या टोकांवर ठेवा, कारण ऑक्सिजनमधे अल्फाचे (दोन प्रोटॉन, दोन न्यूट्रॉन) गठ्ठे असतात असं अणुकेंद्रवाले बऱ्याच वर्षांपासून म्हणतात. मग दोन्हीसाठी वरच्या ५ टक्क्यांतला एन-पार्ट आणि एन-कोल शेजारी शेजारी लिहा. एन-पार्ट आणि एन-कोल यांतला कुठला आकडा जास्त हलतो ते आधी कागदावर अंदाजाने लिहून ठेवा आणि मगच कोड चालवा.